तेल दिसतं खाली, येतं वरून

 

मागच्या महिन्यात मी जिप्सीबद्दल ओझरतं बोललो होतो, तेव्हापासून मेसेज येतायत की त्या तेलगळतीचं पुढे काय झालं. काहींनी तर थेट विचारलं, "विकलीस का?" नाही विकली. पण विकायची वेळ आली होती हे खरं. तर आजचा अख्खा भाग तेलगळतीवर. ज्यांच्याकडे जुनी जिप्सी, थार, बोलेरो, काहीही आहे त्यांनी कानात हेडफोन घालून ऐका. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही ऐका, कारण कधी ना कधी घेणार आहात, मला माहितीये.

आधी गाडीची ओळख. १९९८ची जिप्सी किंग. जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली, तेव्हा इंजिन एक लिटरच्या आतलं होतं. १९९६ला १३०० सीसीचं इंजिन आलं, ती किंग. माझी कार्बोरेटरवाली आहे, म्हणजे २००० साली एमपीएफआय यायच्या आधीची. हेच इंजिन, थोड्या फरकाने, बाहेरच्या देशांत सामुराई नावाच्या गाडीत होतं. हे लक्षात ठेवा, नंतर कामाला येईल. मी घेतली तेव्हा ती कितव्या मालकाकडून घेतली हे आरसी बुकातही नीट वाचता येत नव्हतं. नोकरीची तीन वर्षं साठवलेले पैसे होते. बाबा म्हणाले, "एवढ्या पैशात नवी बाईक आली असती, आणि उरलेल्या पैशात शांतता."

पहिल्या आठवड्यातच सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. पार्किंगच्या नव्या फरशीवर काळा डाग. मी खाली जाऊन वाकून बघितलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात, त्या बेल हाऊसिंगच्या खालच्या टोकाला एक थेंब लटकत होता. पडला. दुसरा तयार झाला.

जवळच्या एका गॅरेजला नेली. नाव सांगत नाही, सांगून काही उपयोग नाही. त्यांनी रॅम्पवर घेतली, टॉर्च मारला, अर्ध्या मिनिटात निकाल: "मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." क्रँकशाफ्ट इंजिनच्या मागच्या बाजूने जिथून बाहेर येतो तिथे एक गोल रबरी सील असतं, ते. सील स्वतः स्वस्त असतं हो. पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स काढायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं. मजुरीच सगळी. "उतरवलाच आहे तर क्लच प्लेट पण टाकून घ्या" हे ओघाने आलंच. १६,५०० रुपये. दिले.

दहा दिवस फरशी कोरडी. अकराव्या दिवशी थेंब. त्याच जागी.

आता इथे मी काय केलं? काहीच नाही. हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण बरेच जण हेच करतात. मी मनाची समजूत घातली की जुनी गाडी आहे, थोडं तेल गळणारच. मित्रही तेच म्हणाले. जिप्सीवाल्यांच्यात एक विनोद आहे, तेल गळत नसेल तर समजावं की तेल संपलंय. मीही हसलो. खाली पुठ्ठा टाकला आणि विषय सोडला.

जुलैमध्ये बाबांना घेऊन भोरमार्गे वरंध घाटाकडे निघालो. पाऊस, धुकं, सगळं छान. एका चढावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला. मला वाटलं वायरिंग असेल, पावसात ओलं झालं असेल. तेवढ्यात केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास. मी म्हणालो, "पुढे सपाटी आहे, तिथे बघतो." बाबा एरवी गाडीच्या बाबतीत गप्प असतात. ते म्हणाले, "आधी थांबव. मग काय बघायचं ते बघ."

थांबलो. इंजिन बंद केलं, पाच मिनिटांनी डिपस्टिक काढली. कोरडी. म्हणजे खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला नुसता ओशटपणा. या इंजिनात साडेतीन-चार लिटर तेल असतं आणि मी गेले तीन आठवडे डिपस्टिक बघितली नव्हती. चढावर तेल चेंबरच्या मागच्या बाजूला सरकतं, तेल ओढणाऱ्या जाळीला मधूनच हवा लागते, दाब पडतो, दिवा लागतो. सपाटीवर तो लागला नसता कदाचित. म्हणजे मी तसाच चालवत राहिलो असतो आणि बेअरिंग घासून इंजिन गेलं असतं, तेही घाटात, बाबांना बाजूला बसवून. आणि जळका वास? तेल तापलेल्या एक्झॉस्टच्या पाइपावर पडत होतं. याचं टोक आगीपर्यंत जाऊ शकतं. नशीब, मागे एक लिटरचा डबा होता. तो ओतला, वळलो, सावकाश परत आलो. भोरला आणखी एक डबा घेतला.

परतीच्या वाटेवर बाबा फक्त एवढंच बोलले, "आपल्या बाथरूमचं लीकेज आठवतं का? ओल हॉलच्या भिंतीला होती. पाइप फुटलेला तिसऱ्याच ठिकाणी."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सर्व्हरला एरर आली की शेवटच्या ओळीवर जाऊन दुरुस्ती करायची नाही, मूळ कुठून सुरू झालं ते वर वर जाऊन शोधायचं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवतो. आणि स्वतःच्या गाडीत मी थेंब दिसला त्या जागेचे १६,५०० दिले.

पुढच्या शनिवारी भोसरीतल्या एका जुन्या मिस्त्री काकांकडे गेलो. जिप्सीवरच हात बसलेला माणूस. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. विचारलं, "धुतली का?"

"काय?"

"इंजिन. धुतलंस का? एवढ्या चिखलात आणि तेलात काय दिसणार मला? धुऊन आण. आणि धुतल्यावर दहा-वीस किलोमीटर चालव, जास्त नाही. मग बघ सगळ्यात वर कुठे ओलं होतंय. खालचं बघू नकोस."

मी म्हणालो, "काका, तुम्हीच बघा ना." ते म्हणाले, "बघेन, पण महिनाभर नंबर लागणार नाही. तुला डोळे आहेत ना?"

हीच मेन गोष्ट आहे मंडळी. तेल खाली वाहतं, आणि चालत्या गाडीत पंख्याचा आणि समोरच्या हवेचा झोत त्याला मागे ढकलतो. म्हणून पुढचं, वरचं, कुठलंही गळो, ते शेवटी मागे आणि खालीच येऊन ठिबकतं. बेल हाऊसिंगचं टोक म्हणजे सगळ्या नद्यांचा समुद्र. त्यामुळे शोधायचं ते सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण. ऑफ-रोडवाल्यांची अडचण अशी की आपल्याकडे तेलावर माती बसते, तिचा थर होतो, आणि त्या थराखाली काय चाललंय ते दिसतच नाही. वर चढ-उतारामुळे तेल दोन्ही दिशांना पसरतं.

धुताना एक सांगतो. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन घेऊन इंजिनवर सोडू नका. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, कार्बोरेटरचं तोंड, अल्टरनेटर हे प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँडने झाका. मी डीग्रीझर मारला, पंधरा मिनिटं ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, हलक्या पाण्याने काढला. इंजिन गार असताना. अडीच तास गेले. त्यातून जे निघालं त्यात निम्मी मागच्या मालकाच्या काळातली माती असावी. पण ब्लॉकचा खरा रंग मला पहिल्यांदा दिसला.

त्याच रात्री आणखी एक साधी गोष्ट केली: मोठा पुठ्ठा गाडीखाली पसरला आणि चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा केल्या. सकाळी पुठ्ठ्यावर तीन ठिकाणी डाग. एक पुढे, एक मधे, एक मागे. तिन्हींचा वास घेतला, हसू नका. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांचा वास वेगळा असतो. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र, नाकात बसणारा वास येतो. मागचा डाग गिअर ऑइलचा निघाला, जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असतो, तिथला. म्हणजे तो प्रश्न वेगळा. पुढचे दोन इंजिनचे.

मग पंधरा किलोमीटर चालवून आणली आणि टॉर्च, छोटा आरसा घेऊन बसलो. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरत होतं. हे सगळ्यात वरचं झाकण, याच्याखाली कॅमशाफ्ट असतो. मला वाटलं, संपलं, सापडलं! नाना पेठेतून पॅकिंग आणलं. कव्हर काढलं तर काय, जुन्या पॅकिंगवर कुणीतरी बोटभर सिलिकॉन चोपडलेलं. पॅकिंग दगडासारखं कडक झालं होतं, म्हणून गळत होतं, आणि गळतं म्हणून वरून सिलिकॉन. त्यातले काही तुकडे सुटून आत लोंबत होते. मंडळी, हे तुकडे तेलाच्या जाळीत अडकले तर तेलच पुढे जात नाही. गळती थांबवण्याच्या नादात इंजिन उपाशी मारायचं, असा प्रकार. मी एक एक तुकडा चिमट्याने काढला. अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, चरे पडले की तिथूनच गळतं. प्लास्टिकची पट्टी आणि कापड. नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. आणि नट आवळताना अंगात रेडा आणू नका. इथला टॉर्क अगदी कमी असतो. मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तेवढाच. जास्त आवळलं की कव्हर वाकतं, पॅकिंग चेपतं आणि आधीपेक्षा जास्त गळतं.

दोन दिवस चालवली. गळती कमी झाली. थांबली नाही.

आता खरं सांगतो, इथे मी थकलो होतो. ऑफिसात रिलीज चालू, रात्री अकराला पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन, वॉचमन काका विचारतायत "साहेब, काही हरवलंय का?" पण एक गोष्ट डोक्यात खटकत होती. बेल हाऊसिंग आतून ओलं आहे की बाहेरून? हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मागचं क्रँक सील गळतं तेव्हा तेल बेल हाऊसिंगच्या आत पडतं आणि खालच्या भोकातून किंवा फटीतून बाहेर येतं. जास्त झालं तर क्लचलाही लागतं, क्लच घसरायला लागतो. पण माझ्या बेल हाऊसिंगची वरची बाजू, बाहेरून, ओली होती. सीलचं तेल आतून वर चढून बाहेरच्या पाठीवर येणार नाही ना! म्हणजे ते वरून येतंय. वर काय आहे? हेडची मागची बाजू. तिथे आणि केबिनच्या पत्र्यात जेमतेम हात जातो, डोळा जात नाही.

मग यूव्ही डाय आणला. छोटी बाटली मिळते, इंजिन ऑइलमध्ये टाकायची, थोडं चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. तेल हिरवट-पिवळं चमकतं. बाटली घेताना ती इंजिन ऑइलसाठीची आहे ना हे बघून घ्या, एसीची वेगळी असते. रात्री पार्किंगचा दिवा बंद करून टॉर्च मारला, आरसा मागे धरला, आणि दिसलं. हेडच्या मागे डिस्ट्रिब्युटर जिथे बसतो, त्या केसच्या सांध्यातून एक बारीक चमकती रेघ खाली उतरत होती. हेडवरून ब्लॉकच्या पाठीवर, तिथून बेल हाऊसिंगच्या खांद्यावर, तिथून वळसा घेऊन थेट खालच्या टोकाला. अख्खा रस्ता दिसत होता. मी फोटो काढला, आधी बाबांना पाठवला. रात्रीचे साडेअकरा. त्यांचा रिप्लाय आला, "झोप आता."

या कार्बोरेटरवाल्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरून फिरतो. त्याचे गिअर एका छोट्या केसमध्ये असतात, ती केस हेडला मागून बोल्टने बसते आणि तिच्यात डिस्ट्रिब्युटर बसतो, त्याला एक रबरी ओ-रिंग. म्हणजे तेल यायला दोन जागा. आणि ते तेल उतरतं बरोब्बर मागच्या सीलच्या जागेवर. परदेशातल्या सामुराईवाल्यांना हे चांगलंच माहीत आहे, डिस्ट्रिब्युटरची केस गळते आणि दोष मागच्या सीलवर जातो. त्या गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही. जुनं सील खरंच गेलेलंही असेल. मी ते बघायला मागितलं नाही. पण वर हात फिरवून बघायला त्याला दोन मिनिटं लागली असती.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी पांढऱ्या मार्करने त्याच्या बॉडीवर आणि केसवर सलग रेघ मारा. रोटरचं तोंड कुठे आहे ते टिपा, फोटो काढा. गिअरचे दाते तिरके असल्यामुळे बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो, तर बाहेर आल्यावर तो कुठे थांबला याचीही खूण करा, नाहीतर बसवताना एक दाता इकडेतिकडे होतो आणि गाडी सुरूच होत नाही. माझ्याकडून एकदा तसं झालं. खाली चिंधी ठेवा, केस काढताना तेल सांडतं. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, एकदम कोरडे. सीलंटची बारीक, सलग रेघ, दोरीसारखी नाही, दोऱ्यासारखी. नवी ओ-रिंग तेल लावून बसवा. ट्यूबवर वाळायला जेवढा वेळ दिलाय तेवढा थांबा, मी रात्रभर थांबलो. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग तपासून घ्या. लाइट माझ्याकडे नव्हता, त्यासाठी भोसरीलाच गेलो.

काका टायमिंग लावता लावता म्हणाले, "सांधा केलास. पण तेल ढकलत कोण होतं?"

हे मला सुचलंच नव्हतं. इंजिन चालताना पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो बाहेर काढायला पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो हा गॅस इनटेकमध्ये परत ओढून घेतो. तो चोंदला की आत दाब साठतो आणि दाब मग जो सांधा कच्चा असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. आज टॅपेट कव्हर, उद्या डिस्ट्रिब्युटर, परवा क्रँक सील. काकांनी माझा व्हॉल्व्ह काढला, कानाशी हलवला. आत गोळीसारखा खुळखुळ आवाज यायला हवा. माझा मुका. काळ्या चिकट डांबराने जाम. "हा बघ तुझा चोर," म्हणाले.

घरी बघायची सोपी पद्धत: गाडी आयडलवर ठेवा, तेल ओतायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. सैल बाही, ओढणी, लांब केस फॅनबेल्टपासून लांब. पिशवी हलकीशी आत ओढली गेली तर ठीक. फुगून वर उडत असेल तर आत दाब आहे. व्हॉल्व्ह आणि नळ्या बदलूनही दाब राहिला तर मग रिंगा झिजल्या असतील, कॉम्प्रेशन तपासा. ते दुखणं मोठं. हे सगळं पेट्रोलचं झालं. डिझेल थार-बोलेरोवाल्यांनो, तुमची ब्रीदरची रचना वेगळी असते, टर्बो असेल तर त्याच्या तेलाच्या परतीच्या नळीचे जोडही बघायचे. पण धुवा, चालवा, वरून बघा, हे तुम्हालाही तसंच.

खर्च? पॅकिंग, ओ-रिंग, सीलंट, व्हॉल्व्ह, डाय, टॉर्च, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. काकांनी टायमिंगचे दोनशे घेतले. आधीचे १६,५०० गेले ते गेले. निदान क्लच तरी नवा आहे.

एक अगदी महत्त्वाचं. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्टँड लावा, चाकांना दगड लावा. आणि निघालेलं जुनं तेल गटारात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. मी डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात देतो.

त्यानंतर ६०० किलोमीटर झाले. दर रविवारी सकाळी चहाआधी डिपस्टिक बघतो, तेल वरच्या खुणेच्या जवळच आहे. मागच्या आठवड्यात परत वरंध घाटात गेलो, बाबा होते. त्याच चढावर त्यांनी काही न बोलता मान थोडी पुढे काढून डॅशबोर्ड बघितला. मीही बघितला. दिवा बंद होता. मग ते म्हणाले, "पुढे कुठेतरी भजी खाऊ."

पुठ्ठा अजून गाडीखाली आहे. आता एकच डाग पडतो, मागचा, उग्र वासाचा. ट्रान्सफर केस. त्याचं सील मागवलंय. ते आलं की पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत तुमच्या पार्किंगमधल्या डागांचे फोटो पाठवा, आणि हो, वास कसा आहे तेही लिहा.